विमानातले ताट आणि हिंगातला गहू

सिद्धिविनायकाला नमस्कार करून प्रभादेवीहून विमानतळाकडे निघालेला सीलिअ‍ॅकचा रुग्ण तिकिटासोबत ग्लूटेनविरहित जेवण नोंदवतो आणि घरचे निर्धास्त होतात. एवढे निर्धास्त होऊ नये. ही नोंद साधारणपणे किमान 24 तास आधी करावी लागते. आयत्या वेळी विमान बदलले तर ती मागेच राहू शकते.

सीलिअ‍ॅक म्हणजे खाण्याचे चोचले नव्हेत. गहू किंवा जवातले ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. म्हणून तर भारतीय नियमांत ग्लूटेनविरहित पदार्थाला किलोमागे 20 मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे.

आपल्याकडचा छुपा चोर हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि फोडणीतून ते साध्या वरणातही उतरते. तेव्हा हवाई कंपन्यांनी झाकणावर नुसता शिक्का न मारता सगळे घटक छापावेत.

तोवर डबा न्यावा, त्यात लाज कसली? तांदळाची भाकरी, राजगिऱ्याचा लाडू चालेल. उकडीचा मोदकही चालेल, पण तळणीचा नको, त्याची पारी गव्हाची. थालीपीठही नको, भाजणीत गहू असतो. परदेशी जाताना दही, पातळ चटणी हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या आतच ठेवावी.