फाटकापासून पोर्चपर्यंत

घराच्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात फाटक ते पोर्च ही वाट शेवटी येते. तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही आटलेले असतात. त्यामुळे निर्णय चौरस फुटाच्या दरावर होतो आणि स्वस्त दरपत्रकावर सही होते. त्या दरात खोदाई, मुरूम, खडी आणि दबाई धरली आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक खरा खर्च तिथेच असायला हवा, कारण चाकांचा भार अखेर खालचे थरच पेलतात.

जमीन काळी असेल तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती उकरून काढून मुरुमाचे थर पाणी मारून, रोलर फिरवून पक्के करावे लागतात. त्यावर खडी आणि मग इंच-दीड इंच रेती किंवा कच. खालचे खड्डे रेतीनेच भरून ‘लेव्हल’ साधणारा कारागीर मालकाला दुसऱ्या पावसाळ्याचा खर्च देऊन जातो.

व्यापारी घरात गोदाम पुष्कळदा घरामागेच असते. मोटारीसाठी आखलेल्या वाटेवरून मालाने भरलेला टेंपोही जातो. आयएस १५६५८ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे एम-३५ प्रतीचे, तर मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटरचे एम-४० प्रतीचे पेव्हर ब्लॉक सांगितले आहेत. टेंपो रोजचा असेल तर ८० चेच घ्यावेत. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेले कर्बस्टोन हवेतच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

शहाबादी आणि कोटा या फरश्यांचा मोह समजण्यासारखा आहे. मात्र पातळ फरशीखाली पोकळी राहिली की चाकाखाली ती तडकते. पॉलिश केलेला कोटा दिवाणखान्यात शोभतो. बाहेर पहिल्या पावसात तो निसरडा होतो, आणि पहाटे मंदिरात निघालेल्या आजींचा पाय तिथेच घसरतो. बाहेर खडबडीत पृष्ठभागच हवा. दोन्ही दगड चुनखडीचे. डाग काढायला ॲसिड ओतले तर डागाबरोबर दगडही खाल्ला जातो. काँक्रीटच्या ब्लॉकचेही तेच. नव्या ब्लॉकवर उमटणारी पांढरी झाक हा बहुधा दोष नसतो. पावसाने आणि वापराने ती जाते.

पाण्यासाठी पन्नास फुटांना एक फूट उतार ठेवावा, तोही घरापासून बाहेरच्या दिशेने. पाणी साचले नाही तर शेवाळ कमी धरते आणि ते मारण्याचा प्रसंगही टळतो. सांध्यांतली रेती पाऊस आणि मुंग्या दोघेही उपसतात. दिवाळीपूर्वी कोरडी बारीक रेती झाडून भरली की पुरे. एखादी जागा खचली तर तेवढेच ब्लॉक उचलून, खालचा थर ठोकून तेच परत बसवता येतात. अखंड काँक्रीटला ही सोय नाही. मूळ खरेदीतलेच वीस-पंचवीस ब्लॉक गोदामाच्या कोपऱ्यात ठेवावेत, कारण तीच छटा पुढे मिळणे कठीण असते.