गावचा जुना नकाशा एकदा उघडून पाहा



लागणीच्या नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा एक गाऱ्हाणे हमखास कानी पडते. "साहेब, वरचं रान झकास आहे, पण खालच्या कोपऱ्यात ऊस गुडघ्याच्या वर जात नाही." आम्ही माती परीक्षण करायला सांगतो, जिप्सम सांगतो, हिरवळीचे खत सांगतो. हे सांगणे चूक नाही. पण अपुरे आहे, हे आम्हाला एका जुन्या नकाशाने शिकवले.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचे असेच रान. दोन वर्षे आमच्या सल्ल्याने त्यांनी जिप्सम टाकले. पैसा गेला, खोडवा काही साधला नाही. पुढे बांधाच्या कामासाठी त्यांनी भूमि अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा काढला आणि आमच्यापुढे पसरला. पाहतो तो काय, जिथे ऊस मरत होता नेमक्या त्याच कोपऱ्यातून एक ओघळ खालच्या ओढ्याला मिळालेली! जमिनीवर तिचा मागमूस नाही. घरातल्या आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर त्या तुकड्याला बुडकीचं रान म्हणतात. आम्ही तिथनंच पाणी भरायचो." मागे कधीतरी सपाटीकरण झाले, ओघळ बुजली, नाव तेवढे उरले. पाण्याने मात्र आपली वाट सोडली नव्हती. निचराच बंद, तर जिप्समने सुटलेला क्षार जाणार कुठे? चूक सभासदाची नव्हे, नकाशा न पाहता सल्ला देणाऱ्या आमची होती.

हे नकाशे आले कुठून, तेही ऐका. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. ३३ फुटांची साखळी, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. उसाची नोंद देताना आजही आपल्या तोंडी गुंठाच असतो. त्याच मुलखात १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. आणि १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर अहवाल लिहावा लागला. पंचवीस वर्षांत ही गत! तेव्हा चोपण जमीन हा आजचा रोग नव्हे. पाणी आणणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ते बाहेर काढणेही.

गाव नकाशा वाचायला फार शिक्षण लागत नाही. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक म्हणजे पायवाट. नाले, ओढे आणि गावठाण कुठे ते बघा. एक अडचण येईल. १९४७ च्या कायद्याने पुढे एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. म्हणून आधी आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधा, मग नकाशावर बोट ठेवा. मोबाईलवर वरून दिसणारे शिवार जरूर पाहा. पण ते आजचे आहे. बुजलेला ओढा त्यात दिसेलच असे नाही.

आमचे स्पष्ट मत असे, की जेसीबी रानात घालण्याआधी जुना नकाशा पाहिल्याशिवाय कुणी एक टोपलीही माती हलवू नये. चार गुंठे वाढवण्यासाठी एकाने ओघळ बुजवली, की वरच्या चौघांचे पाणी तुंबते. पाणंद नांगरली, की तोडणीच्या वेळी बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून आणायचा, म्हणून तोच सभासद आमच्या दारात येतो. सहकारात भाग घेतला तो काही फक्त कारखान्यात घेतला नाही, शिवाराच्या पाण्या-वाटेतही घेतला.

मात्र नकाशा भावकीची जुनी भांडणे उकरायला नको. हद्दीचा वाद असेल तर रीतसर मोजणी आहे. आम्ही म्हणतो ते वेगळे. नकाशाची नक्कल घ्या, गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घ्या आणि एक दिवस शिवार चाला. बुडकी, पाणथळ, चोपण, कुरण अशी रानांची नावे त्या नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवा. ही नावे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. आणि ही पिढी गेली की गेलीच.

त्या सभासदाने खालच्या दोन शेजाऱ्यांना नकाशा दाखवला. तिघांनी मिळून जुन्या ओघळीच्या वाटेनेच चर काढला आहे. यंदा त्या कोपऱ्यात आधी ताग, मग लागण. गुण येईल तो पुढच्या खोडव्यात कळेल. तोवर तुमच्या गावचा नकाशा घेऊन शेतकी गट कार्यालयात या. आम्ही तुमच्याबरोबर शिवारात यायला तयार आहोत.

— ऊस विकास अधिकारी