क्षुल्लकांचा कैवार

बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे बाजाराचे गाव आहे. तेथील एका तरुण शेतकऱ्याने गेल्या पोळ्यास आपल्या म्हाताऱ्या बैलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून काही ओळखीच्यांस धाडले आणि त्याखाली अहिराणीत पाच-सहा ओळी लिहिल्या. बैल दारी येऊन चौदा वर्षे झाली. वडील जवळ उभे राहिल्याखेरीज तो हौदावर पाणी पीत नाही. आता त्याला औताला जुंपत नाहीत, तरी सकाळी जू बाहेर काढलेले दिसले की आपण होऊन शेजारी येऊन उभा राहतो. यंदा कांद्याने हात दिला नाही, म्हणून जुनीच झूल धुऊन घातली आहे. एवढाच त्यातील मजकूर. हाताहातांतून फिरत ते चित्र आमच्या एका सुशिक्षित मित्रमंडळात आले. तेथील एका विद्वान गृहस्थांनी ते पाहिले, चष्मा काढून पुसला, आणि ‘याचा बैल पाणी पितो की नाही, याच्याशी जगाला काय कर्तव्य?’ असा प्रश्न टाकला. मंडळी हसली. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हसलो. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

गृहस्थांचे मत त्यांच्या एकट्याचे नव्हे. घरातील मांजर, दारातील कुत्रा, गोठ्यातील बैल, कोणाचा बागेचा नाद, कोणाचा नाणी जमविण्याचा छंद, या गोष्टी चार लोकांस सांगणे हे हलक्या अभिरुचीचे लक्षण होय, असे मत सुशिक्षितांत आता जवळजवळ सिद्धान्तासारखे रूढ झाले आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ तीन आक्षेप घेण्यात येतात: पहिला, या गोष्टी क्षुल्लक आहेत, दुसरा, त्या खाजगी आहेत, तिसरा, त्या सांगण्यात मिरविण्याची हौस असते. तिन्ही आक्षेप एकेक करून कसास लावून पाहू.

प्रथम क्षुल्लकत्वाचा. वर उल्लेखिलेले गृहस्थ आमच्याप्रमाणेच इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात हयात घालविलेले आहेत. विल्यम कूपर या कवीने आपल्या पाळीव सशांच्या सवयींविषयी १७८४ साली ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये लिहिले, हे ते विद्यार्थ्यांस कौतुकाने सांगतात. गिल्बर्ट व्हाइट या खेड्यातील पाद्र्याने आपल्या बागेतील टिमथी नावाचे कासव केव्हा जमिनीत शिरते व केव्हा वर येते याची वर्षानुवर्षे टिपणे ठेविली. त्याचा १७८९ चा ग्रंथ अद्याप वाचला जातो, आणि त्या कासवाचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास-संग्रहालयात जपून ठेविलेले आहे. सेलबर्नचे कासव वाङ्मय आणि नामपूरचा बैल मात्र पोरखेळ, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? कासवास इंग्रजी येत नव्हते, आणि बैलासही अहिराणी येत नाही. फरक काय तो सांगणाऱ्यांच्या भाषेत आहे. आमच्या हसण्याच्या मुळाशी अभिरुची नव्हती, परक्या भाषेचा दरारा होता, हे आता कबूल केलेले बरे.

आणि इंग्रजांकडे तरी कशास जावे? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते लीळाचरित्र कशाचे बनले आहे? सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्याने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन, विचारून. त्यांत तत्त्वज्ञान आहे. पण कोठे उतरले, काय जेविले, कोण रुसले, हेही आहे. पारध्यांपासून जीव वाचवून आश्रयास आलेल्या सशाची लीळा त्यांतलीच. म्हाइंभटांजवळ आमचे विद्वान गृहस्थ असते, तर ‘सशाशी जगाला काय कर्तव्य?’ असे म्हणून त्यांनी ते पान काढावयास लाविले असते.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. सोवळेओवळे, स्वयंपाकघरातील फजिती, नवऱ्याचा लहरीपणा या सामान्य गोष्टींतून त्यांनी एक काळ उभा केला. त्याहून बोलके उदाहरण जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांस लिहिता येत नव्हते. घरोटे, चूल, शेत, सुगरणीचा खोपा यांवर त्या आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचून म्हणत. घरच्यांनी त्यांतील काही उतरून घेतल्या, आणि १९५१ साली बाई वारल्यावर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने निघाल्या. जे कोणी उतरून घेतले नाही, ते त्यांच्याबरोबर गेले. क्षुल्लकत्वाचा आक्षेप ज्या घरांत प्रबळ होता, त्या घरांतील किती बहिणाबाई मुक्याने गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. ‘घरचे घरात असावे’ या वचनास आम्ही मान देतो. परंतु ते येथे चुकीच्या ठिकाणी लाविले जात आहे. आजारी आईचे अंथरुणावरील चित्र, रडणाऱ्या मुलाची फजिती, परीक्षेत नापास झालेल्या मुलीचे गुणपत्रक या गोष्टी लोकांपुढे मांडणे आम्हांसही गैर वाटते. पण त्याचे कारण त्या घरातल्या आहेत हे नव्हे. त्या दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत आणि त्या दुसऱ्यास कोणी विचारलेले नाही, हे होय. आपला बैल, आपली बाग, आपला छंद हे आपले आहे. गावात तर बैल कधी खाजगी नव्हताच. पोळ्याच्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालून, शिंगांना रंग लावून, वेशीतून मिरवीत नेतात, आणि घरोघरच्या बायका त्याला ओवाळून पुरणपोळी चारतात. ज्या चित्रास आम्ही हसलो, ते त्या मिरवणुकीचेच पुढचे पाऊल होते.

तिसरा आक्षेप मिरविण्याचा. येथे मात्र विरोधकांच्या पदरात आम्ही अर्धे माप घालतो. शहरातील कित्येक घरांतून जी चित्रे येतात, त्यांत कुत्र्याच्या डोक्यावर टोपी असते, मांजरापुढे वाढदिवसाचा केक असतो, आणि खाली दहा घरांत सापडतील असे उसने इंग्रजी शब्द असतात. घरातील कुत्र्याशीही मराठीत बोलावयाची आम्हांस चोरी झाली आहे. या चित्रांतून त्या प्राण्याविषयी काहीएक कळत नाही. तो कशास भितो, कोणाची वाट पाहतो, हे सांगणाऱ्याने पाहिलेलेच नसते. हा दोष खरा आहे. पण तो न पाहता दाखविण्याचा दोष आहे. गोष्ट लहान असल्याचा नव्हे. नामपूरच्या शेतकऱ्याने दाखविण्यापूर्वी चौदा वर्षे पाहिले होते. शिवाय जुनी झूल धुऊन घातल्याचे त्याने स्वतः सांगितले. मिरविणारा मनुष्य ते झाकतो.

आता या वादात पणाला काय लागले आहे ते सांगतो. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लक्ष होती; २०१९ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लक्षांवर आली. ट्रॅक्टर आला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याची पाठ नांगरामागे वाकली आहे त्याने तो आनंदाने घ्यावा. परंतु बैल गेला की जू, शिवळ, वेसण, मोरकी हे शब्द जातात, आणि मनुष्य व जनावर यांनी एकमेकांस ओळखण्याची एक रीतही जाते. अहिराणीचेही तेच. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या सदराखाली सुमारे १८ लक्ष ६० हजार लोकांची मातृभाषा नोंदली गेली, आणि त्यांत मोठा वाटा अहिराणीचा आहे. इतके लोक जी भाषा बोलतात, तीत छापलेला मजकूर किती आहे, हे आमच्या वाचकांनी आपल्याच कपाटात पाहावे. त्या भाषेत कोणी पाच ओळी लिहिल्या आणि आम्ही हसलो, तर सहावी ओळ लिहिली जात नाही.

छंदाची गोष्टही याहून निराळी नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे पुण्याचे दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून जुने दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासावयाच्या वज्री अशा घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला. मोडीत जाणाऱ्या अडकित्त्याशी जगाला काय कर्तव्य, असे तेव्हाही कोणी म्हटलेच असेल. आज त्यांच्या मुलाच्या नावाचे ते संग्रहालय पाहावयास लोक देशोदेशींहून येतात, आणि आपल्या आजीच्या घरात काय होते हे तेथे शिकतात.

तेव्हा आमच्या वाचकांस आमची विनंती अशी. घरातील जनावराविषयी, बागेविषयी, छंदाविषयी चार लोकांस अवश्य सांगा. पण आधी पाहा, आणि घरात जी बोली बोलता तीत सांगा. कोणी असे सांगितले तर हसण्यापूर्वी त्यास पुढचा प्रश्न विचारा. आम्ही उशिरा का होईना, तो विचारला. नामपूरहून उत्तर आले की, वडील बाहेरगावी गेले असता बैल दोन दिवस हौदाकडे फिरकला नाही; अखेर त्यांचे जुने उपरणे कोणीतरी खांद्यावर टाकून उभे राहिले, तेव्हा प्याला. हे उत्तर आम्ही त्या विद्वान गृहस्थांस वाचून दाखविले. ते या खेपेस हसले नाहीत. उपरणे कोणी टाकले होते, असे त्यांनी विचारले.