‘शिवकालीन’ या एका शब्दावर विकल्या जाणाऱ्या बंदुका

१/ समाजमाध्यमांवर सध्या एक बाजार तेजीत आहे. गंजलेली नळी, पितळी कड्या ठोकलेला कुंदा, खाली ‘अस्सल शिवकालीन बंदूक’ ही ओळ आणि त्याखाली किंमत. विकणारा खोटे बोलतो हे उघड आहे. परंतु त्या खोट्याला गिऱ्हाईक आपणच पुरवतो. आपल्याला वस्तू नको असते, वस्तूला चिकटलेले नाव हवे असते. हा धागा त्या हव्यासाविरुद्ध आहे.

२/ प्रथम साधा कालक्रम. शिवछत्रपतींचे निधन १६८० चे. स्फोटक भरलेल्या तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली आणि इंग्रज फौजेत १८४० च्या सुमारास रुळली. म्हणून नळीच्या मागच्या टोकाशी टोपी बसविण्याची बोंडी दिसली, की त्या रूपातील बंदूक शिवकालीन नव्हे. नळी कदाचित जुनी असेल आणि बोंडी मागाहून बसविली असेल. पण मग तसे सांगावे. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला शिवकालीन म्हटल्याने आजोबांचाही मान वाढत नाही.

३/ त्या काळची दख्खनची सर्वसाधारण बंदूक म्हणजे तोडेदार. जळता तोडा धरणारी कळ रंजकाच्या वाटीत उतरे आणि बार उडे. अशा बंदुकीची नळी कुंद्याला बहुधा तारेने, चामड्याने किंवा धातूच्या कड्यांनी बांधलेली असते. ती आडव्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूने आवळलेली दिसली तर पुढे काही विचारायचे कारण नाही. तो स्क्रू विसाव्या शतकाचा आहे.

४/ स्क्रूंविषयी थोडे अधिक, कारण नक्कल करणारा सर्वांत जास्त आळस येथेच करतो. जुन्या कारागिराने आटे हाताने पाडलेले असतात. माथ्यावरची खाच अरुंद, किंचित तिरकी, क्वचित मध्यापासून सरकलेली. एका जागेचा स्क्रू दुसऱ्या जागी बसत नाही. म्हणूनच कित्येकदा प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या भोकाजवळ जुळणीच्या बारीक खाचा मारलेल्या आढळतात. इंग्लंडात व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण मांडले ते १८४१ साली. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरच्या मापाचा स्क्रू जर ‘प्राचीन’ भोकात सुरळीत फिरत असेल, तर ते भोक प्राचीन नाही.

५/ नळी पाहा. जुनी नळी घडीव लोखंडाची, पट्टी गुंडाळून वा पिळून ठोकलेली. असे लोखंड गंजते तेव्हा लाकडाच्या रेषांसारखे तंतू उघडे पडतात, कारण त्यात मळीचे धागे ओढले गेलेले असतात. आजची पोलादी नळी ठिपक्याठिपक्यांनी, सर्वत्र सारखी गंजते. आत टॉर्च मारली आणि टोकापासून टोकापर्यंत एकच सरळ, यंत्राने जोडलेली शिवण दिसली, तर तो पाण्याचा पाइप होय.

(नळीत डोळा घालण्यापूर्वी मात्र एक करा. लाकडी गज आत सोडून खोली मोजा आणि तेच माप बाहेरून बत्तीच्या छिद्राशी ताडून पाहा. गज अलीकडेच अडला तर आत जुना बार असू शकतो. ती नळी तशीच ठेवून पोलिसांना कळवा.)

६/ आता गंज. ‘इतका गंज आहे, म्हणजे जुनीच’ हे वाक्य मी असंख्य वेळा वाचले आहे. आम्ल आणि मीठ वापरून काही दिवसांत भरपूर गंज येतो. तो नारिंगी, भुसभुशीत, सर्वत्र सारखा आणि आट्यांच्या आतही असतो. जुना गंज काळपट, घट्ट. शिवाय झीज तर्काने होते. हात जिथे पडतो तिथे कडा गोल होतात, रंजक जिथे पेटते तिथे वाटी आणि छिद्र खाल्ले जाते, चकमक जिथे घासते तिथे पोलादावर ओरखडे पडतात. छिद्राची कड कोरी करकरीत आणि कुंद्याला मात्र ‘चारशे वर्षांची’ झीज, असे कसे घडेल?

७/ येथवरच्या कसोट्या सोप्या. पण ‘पाच खुणांत अस्सल ओळखा’ असे सांगणाऱ्यांशीही माझे भांडण आहे, आणि त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातच यावे लागेल.

८/ जामखेड तालुक्यातील खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी येथे पेशव्यांच्या झेंड्याखालील मराठी फौजा आणि निजाम यांची लढाई झाली. दोन्ही बाजूंना कवायती पलटणी होत्या. निजामाकडे रेमोंची, शिंद्यांकडे द बॉइनने उभारलेल्या फौजेची. अशा पलटणींच्या हाती युरोपीय घडणीच्या चकमकी बंदुका असत, परंतु सगळ्या युरोपातून आलेल्या नव्हेत. शिंद्यांसाठी आग्र्याला सँगस्टर याच्या देखरेखीखाली कारखाना चालत होता. हैदराबादेत रेमोंचा होता.

९/ याचा अर्थ काय? ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीवर, घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो त्या पट्टीवर, हृदयाकृतीत कंपनीची आद्याक्षरे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे सिंह आला. ही खूण पुसट, चुकीची किंवा उलट्या अक्षरांची असली की आपले स्वयंघोषित तज्ज्ञ ‘बनावट!’ म्हणून मोकळे होतात. पण इंग्रजी न वाचता येणाऱ्या अठराव्या शतकातील देशी कारागिराने युरोपीय नमुना पाहून घडविलेली पट्टी हीही नक्कलच, आणि ती अव्वल दर्जाचा ऐतिहासिक पुरावा आहे. ती बनावट ठरवून भंगारात घालणे हे खोटी बंदूक विकत घेण्याइतकेच नुकसान.

१०/ मग फरक कशाने करायचा? अक्षरांच्या शुद्धलेखनाने नव्हे, ती कशी उमटली यावरून. कोरलेल्या रेषेचा तळ धारदार असतो, ठोकलेल्या शिक्क्याभोवती धातू किंचित उचललेला असतो. साच्यात ओतलेल्या आजच्या नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या विरघळलेल्या दिसतात, तळाशी बुडबुड्यांचे खड्डे असतात.

११/ आणि पट्टी खरी ठरली तरी बंदूक खरी ठरत नाही. खरी पट्टी नव्या कुंद्यावर, खरी नळी दुसऱ्या कुंद्यावर, कड्या तिसरीकडे. अशा रीतीने एका बंदुकीच्या तीन होतात. वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. ‘त्या लढाईतील’ म्हणून दाखविलेल्या बंदुकीवर १८१० असेल तर दावा खोटा. १७९९ असेल तर दावा खरा, असे मात्र नाही. तारीख फक्त पट्टीची, आणि लढाईविषयी ती काहीच बोलत नाही.

१२/ लेख आणि वस्तू यांतील हे अंतर पाहायचे असेल तर मलिक-ए-मैदान पाहा. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. तिच्यावर रूमीचे नाव आहे, आणि १६८६ साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरविलेला विजयलेखही आहे. दोन्ही लेख अस्सल. पण दुसराच तेवढा वाचणारा माणूस तोफेचे वय १३७ वर्षांनी कमी करील. पट्टीवरचे साल वाचून बंदुकीचे वय सांगणारे हेच करतात.

१३/ प्रामाणिक प्रतिकृतीला माझा विरोध नाही. मिरवणुकीसाठी, चित्रपटासाठी, शाळेतील प्रदर्शनासाठी ती हवीच. विरोध त्या एका शब्दाला आहे.

१४/ विक्रेत्याला कायद्याची आठवण जरूर करून द्या. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार तिचा व्यापार करायला परवाना लागतो. नवी आणि चालती असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा आहे. जुन्या घडणीच्या बंदुकीला त्यातून मिळणारी सूटदेखील ती दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसेल तरच. नवी आणि न चालणारी असेल तर ती दिवाणखान्यातील शोभेची वस्तू, आणि किंमतही तेवढीच हवी. ‘अस्सल, चालू स्थितीत, कागदपत्रांची गरज नाही’ असे लिहिणाऱ्याने यांपैकी कोणती वाट धरली आहे, हे त्यालाच विचारा.

१५/ आणि खर्ड्याच्या किंवा आणखी कोणत्या शिवारात नांगराखाली एखादा तुकडा आलाच, तर सॅंडपेपर आणि आम्ल दूर ठेवा. जागेचे छायाचित्र घ्या, गट क्रमांक लिहून ठेवा, तुकडा कोरड्या कापडात गुंडाळा आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची जमिनीत सापडलेली वस्तू कळविणे बंधनकारक आहे. घासून चकचकीत केलेली, कुठे सापडली हे न सांगता येणारी पट्टी घेऊन संग्रहालयात गेलात, तर तेथील माणूस तुम्हाला चहा देईल. त्या पट्टीविषयी त्याला फारसे काही सांगता येणार नाही.