सतरंजी झटकायला दोघं हवेत

गेल्या एप्रिलचा जमाखर्च समोर घेऊन बसलोय. दोनशे पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेत बहुतेक शंभराच्या पावत्या, काही पन्नासच्या, आणि बाजार समितीतल्या हमालांनी आपापसांत गोळा करून आणलेली चिल्लर. 'पावती कुणा एकाच्या नावानं फाडू नका,' असं त्यांनी बजावलं होतं. खर्चात वक्त्यांचं एसटीभाडं, माईकवाला, पत्रकं, चहा-साखर. हॉलच्या भाड्यापाशी मात्र आकडा खोडून पुन्हा लिहिलाय, कारण भाडं ऐन आदल्या दिवशी वाढलं. तूट दोघातिघांनी खिशातून भरली. ते दोघंतिघं आता साठीपलीकडचे आहेत. त्यात हॉलवाल्या संस्थेनं यंदा नवी अट घातली आहे: प्रत्येक भाषणाचा मजकूर आधी दाखवायचा. ही अट आम्ही मानणार नाही.

तेव्हा आडवळणं न घेता सांगतो. 11 ते 17 एप्रिलचा आपला समता सप्ताह बंद पडायच्या बेतात आहे. आणि 2027 साली जोतीराव फुल्यांच्या जन्माला दोनशे वर्षं होतायत. त्या वर्षी गावात त्यांच्या नावाची कमान उभी राहील, डीजेही लागेल. फक्त बसून बोलायची जागा नसेल.

'सप्ताह हवा कशाला, सगळं यूट्यूबवर असतं की,' असं मला भाच्यानं विचारलं. खरंय त्याचं. भाषणं असतात. पण बिस्किटांचा तो गंजका डबा यूट्यूबवर नसतो, ज्यात आपण प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकतो. तीनेक वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवून पाहा. विषय होता 'एक गाव एक पाणवठा'. 1972 च्या दुष्काळात बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरू देतात का, हे विचारत होते, त्याची हकिगत वक्ते सांगत होते. सगळे माना डोलवत होते, कारण गोष्ट जुनी होती आणि दुसऱ्यांच्या गावची होती. मग डब्यातून चिठ्ठी निघाली. वहीचा फाडलेला कोपरा, पेन्सिलीनं लिहिलेलं, नाव नाही: 'आमच्या वस्तीला टँकर शेवटी का येतो?'

वक्त्यांनी ती दोनदा वाचली आणि कागद बाजूला ठेवून म्हणाले, 'याचं उत्तर मला पुण्याहून कसं देता येईल? इथल्या कुणीतरी द्या.' बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग मागच्या भिंतीपाशी एक बाई उभ्या राहिल्या आणि टँकर कुठून कसा फिरतो, कुठल्या वाड्यासमोर किती वेळ थांबतो, वस्तीवर येईपर्यंत टाकीत किती उरतं, हे बोटांवर मोजून सांगितलं. दुसऱ्या रांगेत एक लोकप्रतिनिधी बसले होते. त्यांना उठावंच लागलं. 'बघतो' म्हणाले. दुसऱ्या दिवशी टँकरचा क्रम बदलला नाही. मे महिन्यात त्याच बायका पंचायत समितीच्या दारात जाऊन बसल्या तेव्हा बदलला. पण त्या आधी एकमेकींना कुठे भेटल्या होत्या? आपल्या हॉलच्या पायरीवर, चपला शोधताना.

महाराष्ट्राला याचं नवल वाटू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षी दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला सनातन्यांचा विरोध होता, तेव्हा जोतीराव आपली माणसं घेऊन तिच्या संरक्षणाला गेले. दयानंदांचं वेदप्रामाण्य त्यांना मुळीच मान्य नव्हतं, तरी गेले. बोलणाऱ्याला बोलू द्यायचं, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. गोविंद पानसऱ्यांचं 'शिवाजी कोण होता?' हे मुळात एक भाषण, त्याची पुस्तिका झाली आणि घराघरात गेली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं शाळांच्या वर्गांतून, वाचनालयांतून, अशाच सतरंज्यांवर बसलेल्या लोकांपुढे बोलत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. 2015 च्या फेब्रुवारीत पानसरे गेले. या दोघांना बंदुकीनं गप्प करावं लागलं. आपल्याला नुसतं भाडं वाढवलं तरी पुरतं की काय?

सिनेमाची रात्रही तुमच्या लक्षात असेल. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' शाळेच्या पटांगणात पांढऱ्या चादरीवर लावला होता. तीन तासांवर लांबीचा माहितीपट, त्यात 1997 च्या रमाबाई नगरच्या गोळीबाराची आणि शाहीर विलास घोगऱ्यांची कहाणी. मध्येच वीज गेली. मला वाटलं, आता पटांगण रिकामं होणार. तर पोरांनी अंधारातच हलगी काढली, आणि वीज येईपर्यंत, चांगला पाऊण तास, गाणी चालली. सिनेमा संपायला मध्यरात्र उलटली. (14 तारखेला आपण कार्यक्रम ठेवत नाही हेही इथे सांगतो, नव्या लोकांना कळत नाही. त्या दिवशी सगळं गाव भीमजयंतीच्या मिरवणुकीत असतं, आणि आपल्या खुर्च्या पाणपोईवर.)

आता आमच्या चुका. त्या तुम्ही चहाच्या टपरीवर बोलताच, मी इथेच बोलून टाकतो. वक्त्याची ओळख करून देणारा वक्त्यापेक्षा जास्त बोलतो. शाल-श्रीफळ-सत्कारात पाऊण तास जातो. सात दिवसांत बाई बोलायला एकच, तीही 'महिला आणि…' या विषयावर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं एप्रिलमध्ये नुकतीच परतलेली असतात, त्यांना आम्ही कधी बोलावलंच नाही. तरुण येत नाहीत अशी तक्रार करायची आणि माईक सोडायचा नाही, असं आमचं चाललं होतं. यंदा सत्कार नाहीत. ओळख दोन वाक्यांत. एक पूर्ण संध्याकाळ तोडणीवरून आलेल्यांची, आणि त्या दिवशी शहरातले पाहुणे श्रोत्यांत बसतील.

एका दानशूर गृहस्थांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. बदल्यात व्यासपीठामागे त्यांचा फोटो, आणि 'वादाचे विषय टाळावेत' एवढीच विनंती. माणूस वाईट नाही. पण त्यांचा निरोप ऐकल्यावर आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, 'मग डबा कुठे ठेवायचा?' आम्ही नम्रपणे नको म्हणून कळवलं.

म्हणून तुमच्याकडे आलोय. हॉल सोडायचा असं ठरतंय. मारुतीच्या देवळामागचं पटांगण, बौद्धवाड्यातलं समाजमंदिर आणि दर्ग्यासमोरची मोकळी जागा, अशा तीन ठिकाणी दिवस वाटून घेऊ, म्हणजे भाडंही नाही आणि मजकूरही दाखवायला नको. परवानग्यांचे अर्ज वेळेत द्यायला, दिलेल्याची पोच घेऊन ठेवायला वकिली शिकणारं कुणी असेल तर हवंय. वक्त्यांना लॉजवर ठेवणं परवडत नाही. ज्यांच्याकडे एक खाट आणि पिठलं-भाकरी आहे त्यांनी एकेक पाहुणा न्यावा. पाहुण्याशी रात्री होणाऱ्या गप्पा भाषणापेक्षा बऱ्या असतात, हा माझा अनुभव आहे. शंभराची पावती फाडा. पन्नासची फाडली तरी चालेल. पाच हजार देणार असाल तर त्याऐवजी पन्नास घरांतून शंभर-शंभर आणून द्या, आम्हाला ते जास्त उपयोगाचं आहे. आणि नुसतं येऊन बसणार असाल तर पुढे बसा हो, दाराशी उभं राहून मोबाइल बघू नका.

तयारीची बैठक येत्या रविवारी सकाळी आठला, समाजमंदिरात. बैठकीआधी सतरंजी काढायची आहे. वर्षभर माळ्यावर होती, धुळीनं भरली असेल. पंधरा हात लांब आहे, एकट्याला झटकता येत नाही. गेल्या वर्षी दुसरं टोक मीच धरलं होतं, आता खांदा साथ देत नाही. तेव्हा साडेसातलाच या.