शिसवी कपाट आणि बहिणींचा हिस्सा

सीपीआर दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभा असलेला माणूस डोक्यावरची कमान पाहत नाही. त्याला तेवढी फुरसत नसते. समोरच्या टाउन हॉलच्या बागेत डबा खायला बसणाऱ्यांचेही तसेच. पण ज्याला पुस्तकात ‘व्हिक्टोरियन काळातले बांधकाम’ म्हणतात, ते बघायला आपल्याला लंडनला जावे लागत नाही. दसरा चौकातून दहा मिनिटे चालले तरी पुरते.

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द 1837 ते 1901. कोल्हापूरचे तरुण महाराज राजाराम 1870 साली विलायतेला गेले, राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय जेमतेम वीस. त्यांची तिथली छत्री चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरने रेखाटली. आपला टाउन हॉल (1872 ते 1876) त्याचाच, सीपीआरची इमारत त्याचीच, आणि 1877 साली पाया घातलेला, 1884 मध्ये पुरा झालेला न्यू पॅलेसही त्याचाच. पॅलेस पुरा झालेला मात्र त्याने पाहिला नाही. तो 1881 मध्येच गेला.

आम्ही मुलांना सहलीला नेतो तेव्हा टाउन हॉल आणि पॅलेस एकाच दिवशी दाखवतो. टाउन हॉलचे मनोरे टोकदार छपरांचे, सगळा थाट युरोपातल्या गॉथिक इमारतींचा. पॅलेसवर मात्र घुमट, छत्र्या, महिरपी, गुजरात-राजस्थानची नक्षी, आणि मधोमध विलायती घड्याळ. या मिश्र शैलीला इंग्रजांनी ‘इंडो-सारासेनिक’ नाव दिले. ‘सारासेन’ म्हणजे कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो. युरोपचे लोक मध्ययुगात अरबांना, आणि पुढे सगळ्याच मुसलमानांना, सारासेन म्हणत. म्हणजे करवीरच्या छत्रपतींच्या राजवाड्याच्या शैलीच्या नावात आपण बसलेलो आहोत आणि आपल्याला पत्ता नाही! गंमत इथेच संपत नाही. ज्या टोकदार कमानीला आपण गॉथिक म्हणून विलायती समजतो, ती कैरोच्या इब्न तुलून मशिदीत नवव्या शतकातच आहे. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन तर लिहून गेला आहे की गॉथिकला खरे म्हणजे सारासेनिक म्हणायला हवे.

भाषा शिकवणाऱ्याला इमारतीपेक्षा शब्दांची खोड जास्त. दिवाणखान्यातल्या सामानाची नावे एकदा मोजून पाहा. खुर्ची ही अरबी ‘कुर्सी’. आयतुल कुर्सी रोज वाचणाऱ्याला हे सांगायला नको. ‘सोफा’ इंग्रजीतून आला असे सगळ्यांना वाटते, पण इंग्रजांकडे तो तुर्कांकडून गेला आणि तुर्कांकडे अरबी ‘सुफ्फा’वरून. मस्जिदे नबवीतला चौथरा, जिथे असहाबे सुफ्फा राहत, तोच हा शब्द. ‘दिवाण’ फारसी. इंग्रजीत गादीला ‘मॅट्रेस’ म्हणतात, त्याचेही मूळ अरबी ‘मतरह’, म्हणजे जिथे काही पसरून टाकतात ती जागा. उलट ‘अलमारी’ ही आपली म्हणून आपण मिरवतो आणि ती आली पोर्तुगिजांकडून. शब्द घरोघर हिंडतात, सामान त्यांच्या मागे जाते.

आपल्या जुन्या पेठांतली घरे वाड्याच्या घाटाची. मध्ये चौक, भोवती सोपा, बैठक जमिनीवर. म्हणून खिडक्याही खाली, मांडी घालून बसलेल्या माणसाला रस्ता दिसेल अशा. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली. तोवर रेल्वेही (1891) आली होती. मंगलोरी कौले तर बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगळूरला 1865 मध्येच पाडायला सुरुवात केली होती. त्यानंतर गावाबाहेर जे बंगले उठले त्यांना पुढे पोर्च, भोवती व्हरांडा, उंच छत, छताखाली हवेसाठी झरोके, पाखाडीच्या कडेला लाकडी झालर, दारांवर रंगीत काचा. आणि खिडकी वर सरकली, कारण आत आता खुर्ची होती.

खुर्ची घरात आली, पण सगळ्या घरात नाही आली. आमच्या माहितीतल्या जुन्या मुस्लिम घरांत ती पुढच्या मर्दानी खोलीत थांबली. आत दादी-नानी तख्तावरच, पानदान जवळ घेऊन. हे मागासलेपण होते असे म्हणणाऱ्यांनी व्हिक्टोरियन इंग्लंडकडेही पाहावे. तिथे जेवण झाले की बायका उठून वेगळ्या खोलीत जात आणि पुरुष टेबलापाशी राहत. ‘ड्रॉइंग रूम’ म्हणजे चित्रे काढायची खोली नव्हे. मूळ शब्द ‘विदड्रॉइंग रूम’, उठून बाजूला जायची खोली.

विलायती सामान इथे जसेच्या तसे टिकले नाही, आणि हा त्यातला सर्वांत रंजक भाग आहे. तिकडच्या सोफ्यात स्प्रिंगा, घोड्याचे केस आणि मखमल. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी, उन्हाळ्यात ढेकूण. मग सुतारांनी तोच आकार सागवानात किंवा शिसवीत उतरवला आणि बसायला वेत विणला, खालून वारा लागावा म्हणून. लांब हातांची आरामखुर्ची त्यातलीच. मळेवाले गोरे साहेब तिच्या हातांवर पाय टाकून पडत, म्हणून तिला प्लँटर्स चेअर म्हणतात. पलंगाला मच्छरदाणीसाठी कातीव दांडे आले. दूध-दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे राहिले, मुंग्या चढू नयेत म्हणून. इराण्याच्या हॉटेलातली गोल बैठकीची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मात्र थेट ऑस्ट्रियाची. थोनेट कंपनीने 1859 मध्ये ती काढली. सहा तुकडे, थोडे स्क्रू, सुटी करून पेटीत भरायची आणि बोटीने जगभर पाठवायची. आज घरी येऊन जोडून देतात त्या फर्निचरची ती आजीच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. आमच्या ओळखीच्या एका घरात, जुन्या पेठेत, वाडा पाडून फ्लॅट बांधायचे ठरले. आई-वडील दोघेही अल्लाला प्यारे झालेले. दोन भाऊ, तीन बहिणी, बहिणी तिन्ही परगावी. जागेच्या कागदावर पाचही जणांच्या सह्या झाल्या, कारण बिल्डरच्या वकिलाने त्या मागितल्या. सामानाचे कोणी विचारले नाही. एक शिसवी कपाट, आरशाचे. दोन आरामखुर्च्या, एक कातीव पायांचा पलंग, लंबकाचे घड्याळ, आणि अब्बांची रिहल. जुने सामान घेणारा आला, त्याने “साहेब, वाळवी लागलेली दिसते, जागा मोकळी करून देतो” म्हणत सगळे एका टेम्पोत भरले आणि हातावर जे ठेवले त्यात धड एक नवी गादी आली नसती. धाकटी बहीण ईदला आली आणि कपाट कुठे गेले म्हणून विचारले. त्या कपाटात अम्मी तिचे शाळेचे कपडे ठेवत. भाऊ म्हणाला, “अगं, जुनाट सामान होते.” ती काही बोलली नाही. पुढची ईद तिने सासरीच केली.

भाऊ वाईट नाहीत. पण मरहूमांच्या मागे जे राहते ते सगळे तर्का, त्यात घर जसे तसे कपाटही. कफनदफन, कर्ज आणि वसीयत वजा जाता उरेल त्याचे या घरात सात हिस्से होतात: भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. कपाट सात तुकडे करून वाटायचे नसते हे खरे. पण किंमत ठरवून कोणी एकाने ठेवून घ्यावे, बाकीच्यांना त्यांचे द्यावे, किंवा बहिणीने आपल्या हिश्श्यात मागितले तर तिला न्यावे. यासाठी आधी एक फोन लागतो. जमिनीच्या बाबतीत कायदा तो फोन करायला लावतो, कपाटाच्या बाबतीत कोणी लावत नाही, एवढाच फरक. आणि किंमत ठरवताना टेम्पोवाल्याचा शब्द धरू नये. तेच कपाट पॉलिश होऊन मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात उभे राहते तेव्हा त्याचा भाव वेगळाच असतो. दोन-तीन ठिकाणी फोटो पाठवून विचारायला पैसे पडत नाहीत. (वाघाचे कातडे किंवा हस्तिदंत लावलेली वस्तू असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे प्रकरण होते.)

त्याच घरात त्याच वर्षी मोठ्या भावाच्या मुलीचे लग्न झाले. जहेजला पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळे हप्त्यावर, भुसा दाबून केलेल्या फळीचे, वर चकचकीत कागद चिकटवलेला. जहेजबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही. पण द्यायचेच होते, तर दादीचा सागवानी पलंग पॉलिश करून द्यायला काय हरकत होती? मुलीच्या सासरी ‘जुना दिला’ म्हणतील, ही हरकत होती. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा त्या दाबलेल्या फळ्यांचे काय झाले ते सखल भागातल्या लोकांना विचारा. पाणी पिऊन त्या पावासारख्या फुगल्या आणि ओसरल्यावर फावड्याने भरून टाकाव्या लागल्या. सागवानाच्या अंगात तेल असते, ते पाण्याला आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. जुने सागवानी सामान चिखल पुसून सावलीत वाळवले की बहुतेक ठिकाणी पुन्हा उभे राहिले. उन्हात ठेवले त्यांच्या फळ्या मात्र वाकल्या.

घरात असे काही असेल तर विकण्याआधी एकदा खण बाहेर काढून कोपरा बघा. हाताने केलेल्या कामात दोन फळ्यांचे दाते एकमेकांत गुंतवलेले असतात, खिळा नसतो, आणि दाते थोडे कमी-जास्त असतात. फळीची मागची बाजू खडबडीत, रंध्याचा हात न लागलेली. वरून कोणी ऑइलपेंट मारला असेल तर घाबरू नका, खाली शिसव निघू शकते. तो रंग खरवडून चपड्याचे पॉलिश करणारे कारागीर अजून आहेत, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. ओल्या फडक्याने मात्र रोज पुसू नये. चपड्यावर पांढरे डाग पडतात.

वेत तुटलेली खुर्ची टाकून देण्याचे तर काहीच कारण नाही. वेत विणणारे आहेत, त्यांत अनेक अंध कारागीर आहेत. बोटांनी भोक चाचपत ते अशी घट्ट जाळी विणतात की डोळसांनी लाजावे. नवा वेत सुरुवातीला पिवळा दिसतो, वर्षा-दोन वर्षांत जुन्या लाकडाच्या रंगाला येतो.