विमा नसलेल्या मोटारीचे बळी

रस्त्यावर मोटार आणणाऱ्याने तिच्यामुळे इतरांना होणाऱ्या इजेच्या भरपाईची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्याने १९३९ सालीच मान्य केले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्येही ते कायम आहे. असे असूनही नोंदलेल्या वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास वाहने विम्यावाचून आहेत, असे विमा व्यवसायाचेच आकडे गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत. यांतील काही भंगारात गेली असतील, हे खरे. पण सारीच काही गेलेली नाहीत. अशा वाहनाखाली सापडलेल्या माणसाच्या कुटुंबाने दाद कोणाकडे मागावयाची?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर बाजारावर सोपविले. तेथील बहुतेक राज्यांत विमा सक्तीचा आहे, परंतु किमान रक्कम इतकी तुटपुंजी की कॅलिफोर्नियात ती एका जखमी माणसामागे १५ हजार डॉलर होती आणि १९६७ पासून २०२४ अखेरपर्यंत तशीच राहिली. १ जानेवारी २०२५ पासून ती ३० हजार झाली. म्हणून तेथील शहाणा मोटारमालक आपल्याच पॉलिसीत जादा हप्ता भरून, समोरच्याचा विमा नसेल किंवा अपुरा असेल तर त्याविरुद्धचे संरक्षण विकत घेतो. दुसऱ्याच्या बेजबाबदारपणाची किंमत जबाबदार माणसाने भरावयाची, असा हा व्यवहार आहे. तोही परवडला असता. पण ज्याच्या घरात मोटारच नाही, त्याच्यापाशी पॉलिसी कोठून असणार?

ब्रिटनने १९४६ साली निराळी वाट धरली. मोटार विमा करणाऱ्या सर्व कंपन्यांनी वर्गणी देऊन एक सामायिक ब्यूरो चालवावा, आणि विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या चालकामुळे जखमी झालेल्यांना त्यातून भरपाई मिळावी, ही ती व्यवस्था होय. नंतर ब्यूरो दोषी चालकाकडून वसुली करू शकतो. जखमी माणसाला त्याच्यामागे धावावे लागत नाही. आपल्याकडे १९७३ साली सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभरांवर कंपन्यांच्या जागी चार कंपन्या राहिल्या, तेव्हा अशी यंत्रणा उभारणे किती सुकर होते! ती संधी हुकली.

एका बाबतीत मात्र आपला कायदा अमेरिकेपेक्षा माणुसकीचा आहे. तिऱ्हाइताच्या मृत्यूबद्दल वा इजेबद्दल विमा कंपनीच्या दायित्वाला मर्यादा नाही. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूसाठी १० लाखांची मर्यादा घालण्याचा घाट घातला गेला होता. २०१९ च्या कायद्यात ती उरली नाही. त्यामुळे अपुऱ्या विम्याचा प्रश्न आपल्याकडे फारसा उद्भवत नाही. विमाच नसणे, हे आपले दुखणे आहे.

आणि येथे कायद्याची विसंगती डोळ्यांत भरते. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. वाहन सापडले, पण त्याचा विमा नाही, तर हे दोन लाखही नाहीत! न्यायाधिकरण मालकाविरुद्ध निवाडा देते, जिल्हाधिकाऱ्यामार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. पण मालकाच्या नावावर जुन्या टेम्पोखेरीज काही नसेल तर वसूल काय व्हावयाचे? जामीन न देणाऱ्या मालकाचे असे वाहन लिलावात विकून रक्कम न्यायाधिकरणाकडे भरावी, अशी तरतूद नियमांत करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितले. उपाय चांगला, पण जुन्या टेम्पोच्या किमतीत एका कर्त्या माणसाची भरपाई होत नाही.

जे दोन लाख मिळू शकतात, तेही पोहोचतात कोठे? २०२२ साली धडक देऊन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली दावे आले अवघे २०५, आणि निकालात निघाले ९५. वाहनाचा तपास महिन्याभरात लागला नाही तर पोलिसांनी जखमीला वा वारसांना योजनेची लेखी माहिती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या ठाण्यात तशी पत्रे जातात काय, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ होईल.

सामायिक निधीचा बोजा प्रामाणिक विमाधारकांवर पडेल आणि विमा चुकविणारे सोकावतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण सोकावण्याचे कारण अन्यत्र आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी मोटारीच्या तिऱ्हाईत विम्याचा वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये, तर विना विमा प्रथम पकडले गेल्यास दंड २,००० रुपये. कायद्यात तीन महिन्यांची कैदही आहे, पण ती कितीजणांना झाली? गुन्हा कर्तव्यापेक्षा स्वस्त ठेवावयाचा आणि मग लोकांच्या बेशिस्तीवर प्रवचने द्यावयाची, हे अर्थशास्त्रात बसत नाही.

नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ ब नुसार मोटार वाहन अपघात निधी स्थापन झालेला आहे. देशातील सर्व रस्ता वापरणाऱ्यांना विमा संरक्षण देणे हा त्याचा हेतू कायद्यातच लिहिला आहे, आणि उपचार व पळून गेलेल्या वाहनांचे बळी यांखेरीज केंद्र सरकार नियमांनी ठरवील अशा इतर व्यक्तींनाही त्यातून भरपाई देण्याची मुभा त्याच कलमात आहे. ज्ञात, पण विमा नसलेल्या वाहनाच्या बळींचा त्या नियमांत समावेश करावा आणि वसुलीचा अधिकार निधीकडे सोपवावा, ही मागणी संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडता येईल.